ऊद, अगर आणि अत्तराचा धंदा : जालन्याच्या तरुण दुकानदारांसाठी एक पाठ

'जालना सोने का पालना' ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. मोंढा, बियाणे, लोखंडाच्या रोलिंग मिल आणि मोसंबी या चार गोष्टींवर जालन्याचा व्यापार उभा आहे. मात्र या चारही धंद्यांत शिरायचे तर भांडवल मोठे लागते. म्हणून आमचे पुष्कळ तरुण थोड्या पैशांत, छोट्या जागेत आणि इज्जतीने करता येईल अशा धंद्याच्या शोधात असतात, आणि त्यांची नजर हटकून अत्तराकडे वळते. माल नाशवंत नाही, जागा थोडी लागते, रमजान आणि लग्नसराईत मागणी असते. त्यातही 'ऊद'चे नाव आज फार गाजते आहे. एका तोळ्याला हजारो रुपये मोजणारे गिऱ्हाईक आहे असे कानावर येते, आणि तरुणाला वाटते की आपणही दोन-चार तोळे आणून ठेवावेत.

विचार वाईट नाही. पण ज्या मालाची पारख नाही त्या मालात पैसा घालणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चौकात चालणे होय. ऊदाच्या बाजारात खऱ्या मालापेक्षा खोटा माल जास्त आहे. घरातील दागिने मोडून किंवा भावाकडून उसने घेऊन आणलेली रक्कम एका खरेदीत बुडू शकते. म्हणून आजच्या पाठात आम्ही हा माल काय आहे, कोठून येतो, त्यापासून उंची अत्तर कसे बनते, त्यात फसवणूक कशी होते आणि हिशेब कसा मांडावा, हे क्रमाने सांगणार आहोत.

नावाचा घोळ आधी सोडवा

मराठीत आपण 'उदबत्ती' म्हणतो आणि 'अगरबत्ती'ही म्हणतो. गंमत अशी की या दोन्ही शब्दांत मुळात एकच लाकूड दडलेले आहे. 'अगर' किंवा 'अगरु' हा संस्कृतातून आलेला शब्द, तर 'ऊद' हा अरबी. अरबीत ऊद म्हणजे लाकूडच. आजच्या बहुतेक अगरबत्तीत अगरचा कणही नसतो, हा भाग निराळा.

घोळ येथे संपत नाही. आपल्या बाजारात काष्ठौषधीच्या किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानात 'ऊद द्या' म्हटले तर दुकानदार जो खडा काढून देतो तो अगर नसतो. तो लोबानाच्या जातीचा डिंक असतो, एका वेगळ्याच झाडाचा. निखाऱ्यावर टाकला की छान धूर होतो, भावही परवडणारा असतो. मराठीत 'ऊद' या शब्दाचा हा अर्थ जुना आहे, त्यात कोणाची लबाडी नाही. परंतु अत्तराच्या धंद्यात ऊद म्हणजे अगरचे लाकूड आणि 'दहन-उल-ऊद' म्हणजे त्या लाकडाचे तेल. दुकानात बसणाऱ्याने हा फरक गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. नाही तर गिऱ्हाईक म्हणेल, 'अहो, पलीकडच्या दुकानात ऊद वीस रुपयांत मिळतो, तुम्ही हजार कसले सांगता?' आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

झाडाचा आजार, माणसाची दौलत

अगरचे झाड ईशान्य भारतात, विशेषतः आसाम आणि त्रिपुरात, तसेच पुढे म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम या पट्ट्यात होते. शास्त्रज्ञ आपल्याकडील जातीला 'ॲक्विलारिया मलाक्केन्सिस' म्हणतात. हे झाड उंच वाढते, पण त्याचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ वासहीन असते. अशा लाकडाला सुगंधाच्या बाजारात किंमत नाही.

किंमत येते ती झाड आजारी पडल्यावर. खोड पोखरणारी अळी आत बोगदे पाडते, जखमेतून बुरशी शिरते आणि झाड स्वतःचा बचाव करण्यासाठी त्या जागी गडद रंगाचा राळेसारखा पदार्थ तयार करते. तो लाकडात मुरत जातो, लाकूड काळपट आणि जड होते. हाच खरा अगर. आमच्या मोसंबीच्या बागायतदारांना साल आणि खोड पोखरणारी अळी म्हणजे शत्रू. तिच्यामागे तार घेऊन, बोळा घेऊन ते हिंडतात. आसामातला अगरवाला मात्र अळीची वाट पाहत बसतो.

जंगलातील सर्वच झाडांना हा रोग होत नाही, थोड्याच झाडांना होतो, आणि बाहेरून पाहून आत किती माल आहे हे खात्रीने कळत नाही. त्यामुळे मागणी वाढली तशी लोकांनी चांगली-वाईट सारीच झाडे तोडली. परिणामी जंगलातील अगर संपत आला. ही जात आज जगभरच्या अतिसंकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे. आता आसाम आणि त्रिपुरात घरामागच्या परसात आणि मळ्यांत लावलेली झाडे हाच मुख्य आधार आहे. तेथे खोडाला भोके पाडून, त्यात बुरशीचे द्रावण सोडून मुद्दाम रोग लावण्याच्या पद्धतीही निघाल्या आहेत. दुर्मीळपणा आणि वाट पाहण्याचा काळ, या दोन गोष्टी अगरच्या भावात आधीच धरलेल्या असतात.

हा व्यापार आजचा नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त मौल्यवान मालाच्या यादीत अगरु आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त आसामच्या म्हणजे कामरूपाच्या काळ्या अगरच्या झाडांचा उल्लेख येतो. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या खुशबूखान्याची माहिती आणि सुगंधी द्रव्यांचे भाव दिलेले आहेत, त्यात ऊद आहे. दक्षिणेकडे विजापूरच्या इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळात 'इत्र-ए-नौरसशाही' हा सुगंधावरचा फारसी ग्रंथ तयार झाला. तेव्हा दख्खनच्या माणसाला ऊद अनोळखी आहे असे कोणी समजू नये.

तेल कसे निघते

लाकडाचे चांगले काळे तुकडे तेलासाठी वापरत नाहीत. ते धुरीसाठी तसेच विकले जातात आणि आखाती देशांत त्यांना फार मोल आहे. तेलासाठी मुख्यतः हलक्या प्रतीचे लाकूड घेतात. त्याचा भुगा करून तो काही दिवस किंवा काही आठवडे पाण्यात भिजत ठेवतात. मग मोठ्या भांड्यात पाण्यासह उकळतात. वाफ नळीतून थंड भांड्यात जाते, तिचे पुन्हा पाणी होते आणि त्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. तो काळजीपूर्वक वेगळा करतात. कनौजचे अत्तरवाले फुलांसाठी जी 'देग-भपका' पद्धत वापरतात तिचे तत्त्व हेच. फरक इतका की फुलांची वाफ कनौजात चंदनाच्या तेलात जिरवतात, तर अगरचे तेल स्वतंत्र काढतात.

लाकडात तेल फार थोडे असते. मणामणाने लाकूड उकळावे आणि तेल तोळ्यात मोजावे, असा हा प्रकार आहे. शिवाय उकळण्याचे काम दिवसेंदिवस चालते, जळण लागते, पाणी लागते, राखण लागते. कोणी 'अस्सल दहन-उल-ऊद शंभर रुपयांत' म्हणून बाटली पुढे केली तर भाव पाहूनच तो माल काय असेल हे ओळखावे. सुगंध चांगला असेल, पण तो ऊद नसेल.

उंची अत्तर कसे रचतात

निव्वळ अगरचे तेल सर्वांना आवडत नाही. पहिल्या क्षणी त्याचा वास उग्र, थोडा गोठ्यासारखा किंवा ओल्या चामड्यासारखा वाटतो. अर्ध्या-पाऊण तासाने लाकडाचा गोडवा वर येतो आणि तो अंगावर, कपड्यावर तासन्‌तास टिकतो. अरब गिऱ्हाईक ह्या उग्रपणालाच दाद देतो. आपल्याकडचे गिऱ्हाईक बहुधा नाक मुरडते. म्हणून अगरला पाया ठेवून त्यावर इतर सुगंधांची इमारत उभी करतात. अशा मिश्रणाला अरबी बाजारात 'मुखल्लत' म्हणतात.

रचना तीन मजली असते. सगळ्यात वर चटकन उडून जाणारे सुगंध, उदाहरणार्थ लिंबाच्या जातीचे किंवा वेलदोड्याचे. ते गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत बोलावतात. मधे गुलाब, मोगरा, केशर यांसारखे सुगंध. ते तास-दोन तास साथ देतात. तळाशी अगर आणि चंदन. ते वरच्या सुगंधांना धरून ठेवतात, उडू देत नाहीत. गुलाब आणि ऊद यांची जोडी फार जुनी आणि यशस्वी आहे, कारण गुलाबाचा गोडवा ऊदाचा उग्रपणा झाकतो आणि ऊद गुलाबाला आयुष्य देतो. मिश्रण केल्यावर ते लगेच विकू नये. बंद बाटलीत, अंधाऱ्या जागी काही आठवडे मुरू द्यावे. लोणचे मुरल्याशिवाय चव येत नाही, तसेच हे.

युरोपातील कंपन्या या वासाकडे बऱ्याच उशिरा वळल्या. २००२ साली फ्रान्सच्या ईव्ह सेंट लॉरां या कंपनीने 'एम सेव्हन' नावाचा ऊदाचा सेंट काढला, २००७ साली टॉम फोर्डचा 'ऊद वूड' आला, आणि मग प्रत्येक कंपनीच्या कपाटात ऊद दिसू लागला. मात्र या महागड्या बाटल्यांतही ऊदाचा वास बहुतांशी प्रयोगशाळेत तयार केलेल्या रसायनांचा असतो. तसे करणे गुन्हा नाही, ते सांगून करावे इतकेच. रासायनिक वासाला 'नैसर्गिक' म्हणून विकणे हा मात्र उघड खोटेपणा आहे.

होजाई ते मुंबई

या धंद्यात शून्यातून उभे राहिलेले उदाहरण हवे असेल तर ते मुंबईतच आहे. आसामातील होजाईचे हाजी अजमल अली यांनी १९५१ साली मुंबईत अगरच्या तेलाचा व्यापार सुरू केला. आज त्यांच्या नावाची अत्तराची कंपनी दुबईतून चालते आणि आखातात घरोघरी माहीत आहे. त्यांचे चिरंजीव बदरुद्दीन अजमल पुढे राजकारणात उतरले आणि २००९, २०१४ व २०१९ या तीन निवडणुकांत धुबरीतून लोकसभेवर गेले.

त्यांनी मुंबईच का निवडली, याचा विचार आमच्या तरुणांनी करावा. तो काळ असा होता की आखातातील अनेक मुलखांत भारताचाच रुपया चालत असे. १९५९ साली त्यांच्यासाठी वेगळा 'आखाती रुपया' निघाला आणि १९६६ पर्यंत तोही बहुतेक ठिकाणी बंद पडला. खनिज तेलाचा पैसा येण्यापूर्वी अरब व्यापारी खरेदीसाठी मुंबईला येत. म्हणजे माल आसामात, गिऱ्हाईक अरबस्तानात आणि दोघांची गाठ मुंबईत. ज्याच्या हाती मालाचे मूळ होते तो गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन बसला. आमच्या मते यशाचे मर्म येथे आहे. त्यांच्यापाशी अगरची पारख होती, ती त्यांनी जन्मभूमीतून आणली होती. नुसती दुकानाची जागा चांगली म्हणून धंदा वाढला नाही.

आजही मुंबईत मोहम्मद अली रोड आणि आसपासच्या गल्ल्यांत अत्तराची दुकाने ओळीने आहेत. जालन्याहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी मुंबईत उतरता येते. परंतु पहिल्या फेरीला पैसे नेऊ नयेत, फक्त नाक न्यावे. दहा दुकानांत ऊद हुंगावा, भाव विचारावा, टिपून घ्यावा आणि परत यावे. दुसऱ्या फेरीला थोडा नमुना घ्यावा. तिसऱ्या फेरीला खरेदी. एवढा धीर ज्याला नाही त्याने ऊदाच्या वाटेला जाऊ नये.

खोटा माल कसा ओळखावा

भेसळीचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला, अगरच्या तेलात स्वस्त वाहक तेल मिसळणे. लिक्विड पॅराफिन किंवा 'डीईपी' नावाचे वासहीन रसायन यासाठी वापरतात. दुसरा, दुसऱ्या लाकडांची तेले मिसळणे. तिसरा, संपूर्ण कृत्रिम वास तयार करून त्याला तपकिरी रंग देणे.

लाकडातही फसवणूक आहेच. साध्या लाकडाला काळा रंग आणि तेल पाजून ते अगर म्हणून विकतात. चांगले अगर पाण्यात बुडते हे लोकांना ठाऊक झाले, तेव्हा आत शिसे भरून तुकडे बुडवण्याची युक्ती निघाली. तेव्हा 'पाण्यात बुडाला म्हणजे अस्सल' हा नियम आता पुरेसा नाही.

घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अशी. कोऱ्या कागदाच्या पट्टीवर किंवा कापसाच्या फायावर तेलाचा एक थेंब घ्या. लगेच हुंगा, अर्ध्या तासाने हुंगा, चार तासांनी हुंगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. प्रत्येक वेळी काय वाटले ते वहीत लिहा. अस्सल तेलाचा वास बदलत जातो, उग्रपणा कमी होऊन गोडवा वाढतो आणि दुसऱ्या दिवशीही काही शिल्लक राहते. कृत्रिम वास बहुधा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात राहतो, किंवा एकदम नाहीसा होतो. लाकडाची परीक्षा निखाऱ्यावर. नखाएवढा तुकडा ठेवा. अस्सल असेल तर राळ बुडबुड्यांसारखी वर येते आणि धूर मऊ, गोड असतो. रंगवलेला असेल तर जळक्या लाकडाचा किंवा रसायनाचा झणका येतो.

या परीक्षा नाकाला वळण लावण्यासाठी आहेत, त्या शंभर टक्के खात्री देत नाहीत. मोठी खरेदी करायची असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. कनौज येथे केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाखालील सुगंध व स्वाद विकास केंद्र १९९१ पासून आहे. तेथे तेलांची तपासणी होते आणि अत्तराच्या धंद्याचे प्रशिक्षणही मिळते. पाच-दहा तोळ्यांची खरेदी करणाऱ्याला तपासणीचा खर्च जड वाटेल, पण बुडालेल्या पैशापेक्षा तो हलकाच असतो.

आणखी एक गैरसमज दूर करू. आमच्या भागात पुष्कळ गिऱ्हाईक 'अल्कोहोल नाही ना?' एवढेच विचारते. बाटलीवर 'अल्कोहोलरहित' लिहिले असेल तर समाधान होते. पण अल्कोहोल नाही म्हणजे माल नैसर्गिक आहे असे होत नाही. डीईपीत कालवलेला कृत्रिम वासही अल्कोहोलरहितच असतो. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दुकानदाराने दोन्हींची उत्तरे वेगवेगळी, खरी द्यावीत.

तोळ्याचा हिशेब

अत्तराच्या बाजारात आजही तोळा चालतो. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, व्यवहारात बारा मिली धरतात. म्हणूनच बाटल्या तीन, सहा आणि बारा मिलीच्या असतात : पाव, अर्धा आणि पूर्ण तोळा. खाली दिलेले भाव केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

समजा, आपण अगरचे तेल तोळ्याला १२,००० रुपये भावाने दोन तोळे घेतले. म्हणजे २४ मिलीला २४,००० रुपये. नवखा दुकानदार म्हणतो, मिलीला हजार, तीन मिलीच्या बाटलीला तीन हजार, बाटली व लेबल चाळीस, विक्री ३,४०० रुपयांना केली की ३६० रुपये नफा. हा हिशेब चुकीचा आहे. हे तेल घट्ट असते. ओतताना भांड्याला, पिचकारीला चिकटते. एक मिली तेथे गेले. गिऱ्हाइकांना हुंगायला, मनगटावर लावायला दोन मिली गेले. उरले २१ मिली, म्हणजे सातच बाटल्या. २४,००० भागिले सात म्हणजे ३,४२९ रुपये, अधिक चाळीस, एकूण ३,४६९ रुपये. म्हणजे ३,४०० ला विकणारा दर बाटलीमागे ६९ रुपये खिशातून घालतो आहे आणि मनात नफा मोजतो आहे.

आता मिश्रणाचा हिशेब. त्याच तेलाचा खरा भाव मिलीला १,१४३ रुपये पडला. एका तोळ्यात एक मिली अगर, सहा मिली चंदनाचे तेल समजा २०० रुपये मिलीप्रमाणे १,२०० रुपये, आणि पाच मिली फुलांची अत्तरे ६० रुपयांप्रमाणे ३०० रुपये. एकूण २,६४३ रुपये. तीन मिलीला सुमारे ६६१, बाटलीसह ७०१ रुपये. विक्री ८५० रुपयांना ठेवली तर बाटलीमागे १४९ रुपये राहतात. २१ मिली अगरपासून असे २१ तोळे, म्हणजे ८४ बाटल्या होतात आणि सगळ्या विकल्या तर सुमारे साडेबारा हजार रुपये सुटतात.

ऐकायला बरे वाटते, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, या ८४ बाटल्यांत जवळजवळ ५९,००० रुपये अडकतात. दोन, दुकानभाडे, वीज, प्रवास आणि मिश्रण करतानाची गळती यांत धरलेली नाही. ८४ बाटल्या दोन महिन्यांत गेल्या तर धंदा चांगला. वर्षभर लागले तर हा खर्च वजा न करताही महिन्याला जेमतेम हजार रुपये पडतात. म्हणून सुरुवातीला दोन तोळ्यांचे मिश्रण एकदम करू नये. दोन मिली अगर घेऊन दोन तोळे करावेत, आठ बाटल्या विकून पाहाव्यात, गिऱ्हाइकाचे मत ऐकावे आणि मग पुढे जावे. कपाटातील रोजची विक्री साध्या मोगरा, गुलाब, हिना, खस या अत्तरांवर चालू ठेवावी. ऊद ही दुकानाची शोभा आहे, रोजची भाकरी बहुधा मोगराच देतो.

सुदैवाने अगरचे तेल जपून ठेवले तर बिघडत नाही, उलट मुरते. ते गडद काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून, उन्हापासून दूर ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात ते ठेवू नये. गिऱ्हाइकालाही सांगावे की गडद तेल पांढऱ्या कपड्यावर लावू नये, डाग पडतो. नाजूक त्वचा असेल तर आधी मनगटावर थोडे लावून पाहावे.

कायद्याच्या चार गोष्टी

अगरच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटिस' या जागतिक कराराचे नियंत्रण आहे. आपल्याकडील जात १९९५ साली त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि २००५ पासून अगर देणाऱ्या सर्वच जाती त्यात आल्या. भारत सरकारने २०२१ साली लागवडीतील अगरच्या निर्यातीला वार्षिक मर्यादा ठरवून वाट करून दिली : २५,००० किलो लाकूड आणि १,५०० किलो तेल. एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा वाढवून लाकूड व भुकटीसाठी १,५१,०८० किलो आणि तेलासाठी ७,०५० किलो करण्यात आली. म्हणजे कायदेशीर माल वाढतो आहे. पण निर्यातीला परवाना लागतोच. नातेवाइकामार्फत पिशवीतून दुबईला माल पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला हात जोडावेत.

हज-उमऱ्याहून येणारे लोक ऊद घेऊन येतात, त्यांच्यासाठीही हे महत्त्वाचे आहे. सायटिसच्या नियमात स्वतःच्या वापरासाठी माणशी एक किलोपर्यंत लाकूड, २४ मिलीपर्यंत तेल आणि तसबीहच्या दोन माळा यांना सवलत आहे. २४ मिली म्हणजे बरोबर दोन तोळे. एखादा देश याहून कडक नियम ठेवू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि खरेदीची पावती जवळ बाळगावी.

दुकानातही नियम आहेत. दुसऱ्याचे बंद अत्तर विकणे वेगळे आणि स्वतः मिश्रण करून, स्वतःच्या नावाचे लेबल लावून विकणे वेगळे. अत्तर हे कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडते. ते विक्रीसाठी बनवायचे तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. बंद बाटलीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते. माप तीन मिली लिहिले तर तीन मिलीच भरले पाहिजे. काचेचा तळ जाड ठेवून अडीच मिली भरणारे दुकानदार आहेत, पण त्यांच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

जालन्यात अगर लावावे काय?

जालना हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४ साली येथे महिकोची स्थापना झाली आणि नवे पीक करून पाहण्याची हौस आमच्या शेतकऱ्याच्या अंगी भिनली. म्हणून हा प्रश्न येणारच : अगरची झाडेच लावली तर?

आमचे उत्तर स्पष्ट आहे : सध्या नाही. आसाम-त्रिपुरात दीड-दोन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो, हवा बाराही महिने दमट असते. आपल्याकडे सहाशे-सातशे मिलिमीटर पडला तरी वर्ष चांगले म्हणतो आणि मोसंबी जगवायला टँकर लावावा लागतो. अगरचे बी काही दिवसांतच उगवण्याची शक्ती गमावते, त्यामुळे ते दुरून आणून साठवता येत नाही, तयार रोपेच आणावी लागतात. रोप जगले तरी कोरड्या हवेत त्याची वाढ कशी होईल, त्याला बुरशी धरेल काय आणि राळ किती बनेल, या तिन्ही प्रश्नांवर पैसा लावावा लागेल. झाड पाच-सात वर्षांचे झाल्यावर रोग लावायचा आणि मग आणखी काही वर्षे थांबायचे. तोपर्यंत एक रुपया हाती येत नाही.

'रोपे आम्ही देतो, दहा वर्षांनी माल आम्हीच घेतो, एकरी इतके लाख पक्के' असे सांगणारा कोणी दारात आला तर १९९० नंतरची सागवान कंपन्यांची लाट आठवावी. त्या काळी लागवडीच्या नावाखाली राज्यभर लोकांकडून ठेवी गोळा झाल्या, कित्येक कंपन्या गडप झाल्या आणि १९९९ साली सेबीला अशा योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले. झाड बदलले तरी बोलण्याची तऱ्हा तीच असते. ज्याला प्रयोग करायचाच आहे त्याने परसात, विहिरीच्या कडेला, सावलीत चार रोपे लावावीत. कर्ज काढून एकर लावू नये.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

सारांश असा. काष्ठौषधीचा ऊद आणि अत्तराचा ऊद यांतील फरक स्वतः शिकावा आणि गिऱ्हाइकाला सांगावा. पहिले सहा महिने पैशापेक्षा नाक जास्त वापरावे. खरेदीची पावती घ्यावी, 'अस्सल आहे' हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. गळती आणि नमुने धरून हिशेब मांडावा. भागीदारीत धंदा करायचा तर भांडवल, मेहनत आणि नफ्याचा वाटा पहिल्याच दिवशी कागदावर लिहावा, भाऊ-भाऊ असले तरी.

आणि कपाटात तीन वेगळे कप्पे करावेत. एकात शुद्ध अगर, दुसऱ्यात अगरचे मिश्रण, तिसऱ्यात कृत्रिम वासाचे अत्तर. प्रत्येकावर तसे मराठीत आणि उर्दूत स्पष्ट लिहावे. शंभर रुपयांचे कृत्रिम अत्तर शंभर रुपयांत, खरे नाव सांगून विकण्यात कसलाही कमीपणा नाही. ते घेणारा माणूसही जुम्याच्या नमाजाला, लग्नाला, ईदला आनंदाने ते लावतो. तेच अत्तर 'दहन-उल-ऊद' म्हणून हजाराला विकले तर एका दिवसाचा गल्ला भरेल, पण जालन्यासारख्या गावात बातमी मोंढ्यापर्यंत पोहोचायला आठवडा लागत नाही. गेलेली पत परत आणायला मात्र वर्षे लागतात. धंदा हलाल कमाईसाठी करायचा आहे हे ठरले की कोणत्या कप्प्यातून कोणती बाटली काढायची, हा प्रश्न पडत नाही.